हरलेल्या रात्रीची पेज

आमच्या आजोने युसेबियोला कधी पाहिला नव्हता. १९६६ साली मडगावात टीव्ही नव्हता आणि फुटबॉल वर्ल्डकपचे सामने चालले होते दूर इंग्लंडात. तरी पोर्तुगालचा तो उंचापुरा गडी वेंब्लीच्या मैदानातून सदऱ्याला तोंड पुसत, रडत कसा बाहेर पडला, हे आजो असे सांगायचा की आम्हा मुलांना वाटे, हा तिथेच कुठेतरी दोरीपलीकडे उभा असणार. (आजोला आम्ही अरेतुरेच करायचो. आमच्या भागात आजोला कोणी अहो म्हणत नाही.)

त्याआधीच्या सामन्यात उत्तर कोरियाने पोर्तुगालवर तीन गोल चढवले होते. तिथून युसेबियोने एकट्याने चार मारले आणि पोर्तुगालने सामना ५-३ असा फिरवला. आजो हे चार गोल दोन वाक्यांत उरकायचा. त्याचा खरा जीव सेमीफायनलमध्ये. इंग्लंडचे दोन गोल, दोन्ही बॉबी चार्लटनचे. मग शेवटी शेवटी पोर्तुगालला पेनल्टी मिळाली, ती युसेबियोने मारली, आणि तिथून वेळ पुरला नाही. "वेळ पुरला नाही," हे शब्द आजो हळू म्हणायचा आणि तपकिरीची डबी उघडायचा. पुढे तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना पोर्तुगालने जिंकला, हे मला पुष्कळ मोठेपणी कळले. आजोच्या गोष्टीत तो सामना नव्हताच.

आता, हा माणूस १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य आले तेव्हा पेढे वाटणारा. पोर्तुगीज राजवटीत मराठी पुस्तके जपून वाचलेला. त्याने पाच वर्षांच्या आत पोर्तुगालसाठी हळहळावे, याचे शेजारच्या मेस्तालाही नवल वाटे. मेस्त म्हणजे आमच्या शेजारचा सुतार, ख्रिस्ती. त्याचा थोरला भाऊ लोरेन्सु मार्कीशला, म्हणजे आजच्या मापुतोला, नोकरीला होता. "तो पोर्तुगीज कुठे रे?" आजो मेस्ताला म्हणे. "तो आफ्रिकेचा. तुझ्या भावाच्या गावचा." युसेबियो खरोखरच लोरेन्सु मार्कीशचा. मेस्ताच्या भावाने म्हणे पत्रात लिहिले होते, की इथल्या धुळीत अनवाणी खेळणारा एक पोर आता लिस्बनला गेला आहे. हे पत्र खरेच आले होते, की आजोने गोष्ट भरताना मागून जोडले, कोण सांगणार? मेस्त गेला, भाऊ गेला, पत्र कोणी पाहिले नाही. मला मात्र ते पत्र मान्य आहे.

सेमीफायनल हरल्याची बातमी 'ओ हेराल्दो'त आली. तेव्हा तो पेपर अजून पोर्तुगीजमधूनच निघत होता. आजोने सोप्यावर बसून मेस्ताला ती वाचून दाखवली. बाहेर आषाढाचा पाऊस. आजीने आतून विचारले, "कितें जालें?" कोणी बोलले नाही. आजीला फुटबॉलातले ओ की ठो कळत नव्हते, पण गप्प बसलेली माणसे तिला बरोबर कळत. तिने भाताचा बेत मोडला आणि पेज टाकली. उकड्या तांदळाची घट्ट पेज, मिठात चेपलेले तोर, म्हणजे कच्चे आंबे, आणि सुक्या सुंगटांची किसमूर. हरलेल्या माणसाला चावत बसायला लावू नये, पेज आपोआप पोटात जाते, असे तिचे म्हणणे. त्या रात्री मेस्तही आमच्याकडेच जेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात हरलेल्या रात्री पेज असते.

आमच्याकडे हा खेळ किती खोल गेला आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते. शिवोलीला १८८३ च्या सुमारास विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या आयरिश पाद्रीने तो आणला असे सांगतात. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या आवारातून तो मळ्यात उतरला. भात कापून झाले की दोन बाजूंना खांब रोवायचे आणि मिरगाचा पाऊस येईपर्यंत खेळायचे. गाव हिंदूंचा की ख्रिस्तांवांचा, हे तिथे कोणी विचारत नसे. पंच कुठल्या वाड्यावरचा, हे मात्र सगळे विचारत.

बाबांची पहिली मोठी हार म्हणजे श्रीनगरची. १९७८-७९ ची संतोष ट्रॉफी, राज्याराज्यांच्या संघांची स्पर्धा. गोवा फायनलला गेला आणि बंगालकडून १-० ने हरला. मी तेव्हा पाळण्याबाहेर नुकती आलेली, त्यामुळे माझी ही आठवण पूर्णपणे ऐकीव आहे. आई सांगते, रेडिओवर बातमी लागली तेव्हा बाबा दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ते तडक बाजारात गेले, कारण घरात थांबवेना. बाबा म्हणतात, अर्धी दाढी वगैरे काही नाही, हे तिचे पदरचे. आत्या म्हणते, दाढीचे खरे आहे, पण ते श्रीनगर नव्हते, दुसरीच कुठलीतरी हार. असा आमचा इतिहास. तो एकाच तोंडून ऐकू नये.

त्यानंतर चांगले दिवसही आले. १९८२-८३ ला कोलकात्यात फायनल सुटलीच नाही आणि बंगाल-गोवा संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच वर्षी मद्रासला गोव्याने पंजाबला १-० ने हरवून ट्रॉफी एकट्याने घेतली. कप्तान ब्रह्मानंद संखवाळकर, ताळगावचा गोलकीपर. तेव्हा अख्खे मडगाव रस्त्यावर आले होते, हेही सगळ्यांना आठवते. पण त्या दिवशी घरात काय रांधले होते ते कोणालाच सांगता येत नाही. आईला नाही, आत्याला नाही. हरलेल्या दिवशीचे ताट मात्र प्रत्येकीला तोंडपाठ. मोरीचे सुके पडून राहिले, सोलकढी फुटली, मेस्ताची बायको वाडगाभर सान्ना घेऊन आली, सगळे नोंदलेले. आमच्या माणसांनी जिंकणे भोगले आणि संपवले. हरणे त्यांनी तोरांसारखे मिठात घालून ठेवले, आणि जो लहान असेल त्याच्या पानात थोडे थोडे वाढत गेले. मला खेळाचे प्रेम या दुसऱ्या बरणीतून मिळाले.

माझ्या डोळ्यांनी पाहिलेली पहिली मोठी हार फातोर्ड्याची. १९९५-९६ ची संतोष ट्रॉफी, फायनल आमच्याच मडगावात, समोर पुन्हा बंगाल. घरातून निघताना आजीने माझ्या हातात केळी दिली आणि बाबांच्या हातात छत्री. छत्री कशाला, ते तिलाच ठाऊक. सामना १-० ने गेला. तो गोल कसा झाला हे मी आज सांगू शकत नाही, कारण माझ्यापुढे एक उंच माणूस उभा राहिला होता. पण नंतरचे सगळे स्पष्ट आहे. एवढी माणसे जिने उतरत होती आणि फक्त चपलांचा आवाज येत होता. कोणी शिवी दिली नाही. मधेच एक म्हातारा ख्रिस्तांव थांबला, त्याने कठड्याला टेकून बूट काढला, त्यातला खडा झटकला, बूट परत घातला आणि चालू लागला. त्याच्या मागची सगळी रांग तेवढा वेळ थांबून राहिली. त्याला कोणी "चल" म्हटले नाही.

बाबांनी मला गाड्यावर नेले. मडगावात संध्याकाळी रॉस आमलेटचे गाडे लागतात. दोन अंड्यांचे आमलेट, वर शागुतीचा झणझणीत रॉस, बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि पाव. गाडेवाला रोज बडबड करणारा, त्या दिवशी कालथ्याखेरीज त्याचा आवाज नाही. बाबांनी पावाचा तुकडा रसात बुडवला आणि तो तसाच हातात धरून राहिले. रस बोटांवरून मनगटापर्यंत आला. गाडेवाल्याने न विचारता आणखी एक पळीभर रॉस बाबांच्या बशीत ओतला आणि म्हणाला, "खा पात्राव. फाल्यांय गाडो आसा." म्हणजे, उद्याही गाडा आहेच. बाबा हसले, आणि मग आम्ही जेवलो. घरी पेज वाट पाहत होतीच, ती दुसऱ्या दिवशी न्याहारीला खाल्ली.

पुढची तीन वर्षे काय झाले ते आठवले की आजही बाबा मान हलवतात. जबलपूरला फायनल, समोर बंगाल, गोल्डन गोलवर १-०. गुवाहाटीला फायनल, समोर बंगाल, १-०. मग चेन्नईला फायनल, समोर बंगालच, आणि ५-०. ओळीने चार वर्षे एकाच संघाने आम्हाला शेवटच्या पायरीवरून ढकलले. मी बाबांना विचारले होते, यांतली सगळ्यांत वाईट कुठली? मला वाटले, चेन्नईची म्हणतील. ते म्हणाले, "पाच खाल्ले की झोप लागते. एक खाल्ला की रात्रभर तो एकच चेंडू दिसत राहतो."

घरात दुसरा एक तंटा होता, तो क्लबांचा. काका वास्कोला, मुरगाव बंदरात नोकरीला, म्हणून साळगांवकरचे. बाबा धेंपोचे. हे दोघे सख्खे भाऊ वाटणीवरून कधी भांडले नाहीत, पण साळगांवकर-धेंपो सामन्यानंतर हरलेल्याच्या घरी जिंकलेल्याने आठवडाभर जायचे नाही, असा अलिखित नियम होता. आठवडा संपला की मोठा हरो वा धाकटा, जिंकलेल्याने मासळी घेऊन जायची. बांगडे चालत. महागडा विस्वण नेला तर तो समोरच्याला डिवचण्याचा प्रकार धरला जाई. १९९० साली फेडरेशन कपची फायनल साळगांवकर त्रिसूरला केरळ पोलिसांकडून २-१ ने हरले. आधीची सलग दोन वर्षे तो कप त्यांनीच जिंकलेला. धेंपोचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता, तरी बाबा दुसऱ्या दिवशी बांगडे घेऊन वास्कोला गेले. आईने विचारले, "यात तुमचे काय?" बाबा म्हणाले, "गोव्याचे हरले ना."

याची परतफेड काकांनी केली ती ५ डिसेंबर २००४ ला. त्या दिवशी बेंगळुरूत फेडरेशन कपची फायनल धेंपोने मोहन बागानविरुद्ध २-० ने जिंकली. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूचे. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर होऊन तो कोसळला, आणि उठला नाही. पंचवीस वर्षांचा पोर. कप धेंपोचा, आणि घरात सुतक. काका रात्री बसने आले, चपला काढल्या, बाबांच्या शेजारी सोप्यावर बसले. दोघेही काही बोलले नाहीत. आजी तेव्हा नव्हती. आईने कोणाला न विचारता पेज टाकली. जिंकलेल्या दिवशी आमच्याकडे पेज झाली ती तेवढ्या एकाच वेळी. धेंपोने त्याचा दहा नंबरचा सदरा पुढे कोणाला दिला नाही, आणि त्या मोसमात राष्ट्रीय लीगही जिंकली. बाबा त्या लीगबद्दल बोलताना आधी क्रिस्तियानोचे नाव घेतात, मग लीगचे.

२०१६ ला साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, तिघांनीही आय-लीग सोडली. आयएसएल ही वरची स्पर्धा आणि आय-लीग खालची, असा बेत महासंघाने मांडला होता, त्याचा तो निषेध. हार म्हणून ती कुठल्या तक्त्यात नाही. पण काकांसाठी तीच सगळ्यांत मोठी. बायचुंग भुतियाचे की आयएम विजयनचे, कोणाकोणाचे सामने पाहिलेला हा माणूस, रविवारी दुपारी कपडे करून बसायचा आणि जायला ठिकाण नसायचे. मग ते गावच्या मैदानावर पोरांचे सामने बघायला जाऊ लागले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. काही महिन्यांत तेच कुणाच्यातरी गुडघ्याला पट्टी बांधताना दिसू लागले.

बाबांनी मात्र त्याआधीच आयएसएलमधल्या एफसी गोवाचा सदरा घेतला होता. या वयात? हो, या वयात. आणि त्या सदऱ्यानेही आम्हाला तेच दिले जे आजोला वेंब्लीने दिले होते. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, आयएसएलची फायनल, समोर चेन्नईयन. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल करून गोव्याला २-१ ने पुढे नेले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलकीपरच्या, लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या हाताला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला, आणि त्यापुढच्या दोन मिनिटांत मेंडोझाने तिसरा मारला. २-३. टीव्हीवर कट्टीमनीचा चेहरा दाखवत होते. आई म्हणाली, "बंद करा तो टीव्ही. त्या पोराच्या घरी आज कोणी जेवणार नाही." मग ती उठली आणि तांदूळ धुतले. मला वाटते, त्या रात्री तिने पेज आमच्यासाठी केलीच नव्हती.

१७ मार्च २०१९ ची फायनल मुंबईत, अंधेरीला. आत्या डोंबिवलीची, तिचा मुलगा केशरी सदरा घालून स्टेडियमवर. बेंगळुरूविरुद्ध सामना जादा वेळेत गेला आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेने डोक्याने गोल केला. भेके मुंबईचाच. माझा आतेभाऊ फोनवर सांगत होता, परतीच्या लोकलमध्ये एका अनोळखी काकांनी त्याचा सदरा बघून त्याला खिडकीची जागा दिली आणि म्हणाले, "बस बाबा." दोन वर्षांआधी बांबोळीला संतोष ट्रॉफीची फायनलही अशीच गेली होती, बंगालच्या मनवीर सिंगने ११९ व्या मिनिटाला गोल मारून. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबई सिटीविरुद्ध फातोर्ड्याला आम्ही नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे होतो. सामना २-३ ने हरलो. ते सविस्तर लिहायला माझा हात अजून वळत नाही.

अलीकडच्या बऱ्याचशा हारा मार्च-एप्रिलात झाल्या, त्यालाही काही अर्थ आहे असे मला वाटते. तेव्हा काजूची बोंडे पिकून पडलेली असतात, भट्ट्यांवर हुर्राकाचा वास सुटलेला असतो, आणि घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची तयारी सुरू होते. बायका तोर निवडत असतात, सुकी मासळी उन्हात पालटत असतात. हरलेला पुरुष घरी येतो आणि त्याला कोणी "काय झाले" विचारत नाही. "त्या बरणीचे झाकण घट्ट लाव" असे काम सांगतात. आईने बाबांना आयुष्यभर असेच सावरले.

६ एप्रिल २०२५ ला माझी पुतणी बाबांबरोबर आणि माझ्या भावाबरोबर फातोर्ड्याला गेली होती. तेव्हा तिसरीतली पोर. सेमीफायनलचा दुसरा सामना, बेंगळुरूकडे पहिल्या सामन्यातली दोन गोलांची आघाडी. बोर्खा हेर्रेराने एक फेडला. ८८ व्या मिनिटाला आर्मांदो सादिकूने दुसरा फेडला, आणि पुतणीने म्हणे बाबांच्या हातातली पाण्याची बाटली वर उडवली. मग जादा मिनिटांत चाळीशीच्या सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. घरी येताना ती स्कूटरवर भावाच्या पाठीला तोंड लावून रडत होती. दारात आल्यावर तिने चपला दोन दिशांना फेकल्या. आईला आता उभे राहून रांधवत नाही. तिने स्टुलावर बसून वहिनीला सांगितले, "पेज टाक. तोर मोठ्या बरणीतले काढ, नव्यातले नको." पुतणी म्हणाली, तिला पेज आवडत नाही. बाबांनी तिला शेजारी बसवले, स्वतःच्या वाडग्यातले तोर काढून तिच्यात घातले, आणि श्रीनगरपासून सुरुवात केली. अर्ध्या दाढीसकट. मी ऐकत होते, त्यांनी दाढी नाकारली नाही.

३ मेला भुवनेश्वरला सुपर कपची फायनल गोव्याने जमशेदपूरविरुद्ध ३-० ने जिंकली. फटाके झाले, आइस्क्रीम झाले. आठवड्याने सुट्टीसाठी डोंबिवलीची मुले आली. दुपारी सगळी मागच्या अंगणात रसाळ फणसाभोवती बसली होती, आणि पुतणी बोलत होती, भुवनेश्वरचे नव्हे, छेत्रीचे. छेत्री किती उंच उडाला ते दाखवायला ती दगडावर उभी राहिली.

"एवढा नाही काही," आतेभावाचा मुलगा म्हणाला. "मी टीव्हीवर पाहिलंय."

"तू तिथे होतास?" तिने विचारले.

बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटले, झोपले असतील.

"बाय," ते म्हणाले, "सादिकूचा गोल सांगायचा राहिला. तो आधी सांग, नाहीतर यांना काय कळणार?"

तिने फणसाने चिकट झालेले बोट चाटले, दगडावरून खाली उतरली आणि ८८ व्या मिनिटापासून परत सुरू केले.